एका ओळीने ज्येष्ठ

शाळेच्या मस्टरवर माझं नाव तिसरं होतं आणि ते दुसरं व्हावं, एवढीच माझी मागणी होती. एक ओळ. पट्टी लावून बघितली तर जेमतेम एक सेंटिमीटर. त्या एका सेंटिमीटरसाठी मी चार महिने घालवले, अकरा अर्ज केले, जिल्ह्याच्या ठिकाणी पाच फेऱ्या मारल्या आणि पंचवीस वर्षं जपून वापरलेली अब्रू एका दुपारी उधळून मोकळा झालो.

पनवेलच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवतो. नाव कृष्णकांत देवस्थळी. मस्टरवरची ओळ मला एरवी दिसतही नव्हती. सकाळी सही करायची, शेजारच्याची वेळ बघून आपलीही तीच टाकायची आणि वर्गावर जायचं, एवढाच माझा मस्टरशी संबंध. पण फेब्रुवारीत मराठी भाषा दिनासाठी शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला आणि माझे डोळे उघडले. फ्लेक्सवर सगळ्या शिक्षकांचे फोटो ‘ज्येष्ठतेनुसार’ छापले होते. मुख्याध्यापक इंद्रजीत सोनटक्के यांचा फोटो परातीएवढा. त्याखाली गणिताच्या शशिकला घरत मॅडम, ताटाएवढ्या. आणि त्याखाली मी, वाटीएवढा. शिवाय फ्लेक्स बांधायची दोरी नेमकी माझ्या कपाळावरून गेली होती. कार्यक्रम मराठीचा, शाळेत मराठी शिकवणारा मी, आणि वाटीही मीच.

“हे असं कुणी ठरवलं?” मी क्लार्क आनंदाला विचारलं.

“मस्टरप्रमाणे आहे सर,” तो म्हणाला. “मॅडम दोन नंबर, तुम्ही तीन नंबर.”

घरी आल्यावर मी अरुंधतीला, म्हणजे बायकोला, फ्लेक्सचा फोटो दाखवला. “छान आलाय की हो,” ती म्हणाली.

“वाटीएवढा आलाय.”

“मग? तेवढाच बरा दिसतोय.”

माझी बाजू अशी होती. घरत मॅडम आणि मी एकाच दिवशी शाळेत रुजू झालो, १४ जून १९९९, सोमवार. रुजू तारीख एकच असेल तर वयाने मोठा तो ज्येष्ठ, असा नियम आहे. आणि वयाने मी मोठा आहे हे डोळे असलेल्या कुणालाही दिसेल. मॅडम अजून क्रीडादिनाला मुलींबरोबर लंगडी खेळतात. मी त्या वेळी मांडवात बसून प्रमाणपत्रांवर नावं घालतो. सोनटक्के सर मे अखेरीस निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्या नंबरचं माणूस बसणार होतं. पण मला खुर्चीचा मोह नव्हता. माझा प्रश्न तत्त्वाचा होता. हे वाक्य मी त्या चार महिन्यांत इतक्या लोकांना ऐकवलं की शेवटी शेवटी माझाही त्यावर विश्वास बसू लागला होता.

इथे सोनटक्के सरांबद्दल सांगायला हवं. ते मुख्याध्यापक कसे झाले? त्यांच्या आधी लागलेली सगळी माणसं निवृत्त झाली म्हणून. दुसरं कारण मला कुणी आजवर सांगितलेलं नाही. ते नुसते बसून राहिले आणि शाळा हळूहळू त्यांच्या भोवती रिकामी होत गेली. टेबलाच्या डाव्या बाजूने आलेला कागद उजव्या बाजूला सरकवायचा आणि मधल्या प्रवासात ‘बघू’ म्हणायचं, ही त्यांची प्रशासनपद्धती. त्यानंतर तो कागद घरत मॅडम उचलून न्यायच्या. वेळापत्रक, दहावीचे फॉर्म, शिष्यवृत्ती, भांडायला आलेले पालक, छतातून गळणारं पाणी, सगळं उजव्या बाजूलाच असायचं. तरी ‘अनुभवी प्रशासक’ म्हणून संस्थेने त्यांचा दोनदा सत्कार केला.

आणि हे एका सोनटक्क्यांचं नाही. आमच्या स्टाफरूममध्ये पंख्याखालची खुर्ची ज्येष्ठतेने मिळते, चहाचा पहिला कप ज्येष्ठतेने मिळतो आणि कपाटाचा वरचा कप्पा ज्येष्ठतेने मिळतो, मग त्या ज्येष्ठाचा हात तिथवर पोहोचो न पोहोचो. नवीन लागलेली पोरं दाराजवळ बसून घाम पुसतात आणि आपल्यावरची माणसं कधी निवृत्त होणार याचे महिने बोटांवर मोजतात. मी पंधरा वर्षं दाराजवळ काढली आहेत. पंख्याखाली आल्यावर मला ही पद्धत फार शास्त्रशुद्ध वाटू लागली.

मी सरांकडे गेलो. ते म्हणाले, “बघू. अर्ज द्या.”

अर्ज म्हटल्यावर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष स्वानंद अभ्यंकर यांच्याकडे जाणं आलं. करंजाड्यातल्या आमच्या इमारतीत ते अध्यक्ष आहेत, कारण फ्लॅटचा ताबा त्यांनी सर्वांत आधी घेतला. सोसायटीतलं पार्किंगही ताब्याच्या तारखेवरच वाटलेलं आहे, त्यामुळे ज्या अभ्यंकरांकडे गाडी नाही त्यांना लिफ्टजवळची जागा मिळाली आहे आणि तिथे त्यांनी तुळस ठेवली आहे. मंत्रालयात तीस वर्षं टिपणं लिहून ते निवृत्त झालेत. निवृत्तीनंतर वाक्यं लांब लिहायची सवय गेली नाही आणि लिहायला विषय उरला नाही, अशा वेळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

“देवस्थळी,” ते खूश होऊन म्हणाले, “ज्येष्ठता ही मागायची गोष्ट नाही. नोंदवायची गोष्ट आहे. बसा.”

त्यांनी साडेचार पानांचा अर्ज लिहून दिला. त्यात ‘उपरोक्त’ हा शब्द एकोणीस वेळा होता. माझ्यावर पंचवीस वर्षं अन्याय होत आला आहे हे त्यात इतक्या जोरकसपणे मांडलं होतं की वाचता वाचता मलाच माझी दया आली. तीन प्रती काढल्या. एक सरांना, एक संस्थेला आणि एक माझ्या उशाशी.

आनंदाने अर्ज घेतला, कपाटातून दोन सेवापुस्तकं काढली, उघडून शेजारी शेजारी ठेवली आणि माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघितलं. “सर, तुमची जन्मतारीख एक जून एकोणीसशे एकाहत्तर.”

“बरोबर.”

“मॅडमचीपण एक जून एकोणीसशे एकाहत्तर.”

ज्याने आपल्याकडची शाळा पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. पूर्वी पहिलीत नाव घालताना जन्मतारीख आठवत नसली किंवा वय थोडं कमी पडत असलं की गुरुजी सरळ एक जून लिहीत. मी खरा ऑगस्टमधला. घरत मॅडमच्या आईला एवढंच आठवत होतं की मिठागरांवर मीठ ओढायचं काम चालू होतं तेव्हा मुलगी झाली. दोघांनाही आपापल्या गुरुजींनी एक जून देऊन टाकला. पंचवीस वर्षांत ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, कारण एक जूनला शाळेला सुट्टी असते आणि आमच्या ग्रुपवर त्या दिवशी नऊ जणांचे वाढदिवस असतात.

रुजू तारीख एक. जन्मतारीख एक. अभ्यंकर म्हणाले, बी.एड.च्या निकालाची तारीख बघा. तीही एकच निघाली, आम्ही एकाच विद्यापीठाच्या एकाच वर्षाचे होतो. मग अभ्यंकरांनी डोळे मिटून थोडा विचार केला आणि म्हणाले, “रुजू अहवाल. त्यात मध्यान्हपूर्व रुजू झालात की मध्यान्हनंतर, ते लिहिलेलं असतं. म.पू. किंवा म.नं. तिथे सगळा खेळ आहे.”

मॅडमच्या अहवालावर स्वच्छ ‘म.पू.’ होतं. माझा अहवाल वाळवीने खाल्ला होता. ‘म.’ शिल्लक होता आणि त्याच्यापुढे वाळवी बारापूर्वीची की बारानंतरची हे कळायला मार्ग नव्हता.

आता प्रकरण जिल्ह्याच्या ठिकाणी गेलं. तिथल्या कार्यालयाचं नाव मी घेणार नाही, पुढे पेन्शनचे कागद तिथेच जायचे आहेत. पहिल्या फेरीला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या फेरीला साहेब जागेवर, पण फाइल दौऱ्यावर. तिसऱ्या फेरीला दोघांची गाठ पडली आणि साहेब म्हणाले, हे संस्थेने ठरवावं. संस्थेचे सचिव म्हणाले, हे कार्यालयाने ठरवावं. चौथ्या फेरीला मी ‘संस्था म्हणते कार्यालयाने ठरवावं’ असा अर्ज दिला आणि पाचव्या फेरीला ‘संस्थेने ठरवावं असं कार्यालयाने ठरवलं आहे’ असं पत्र हाती पडलं. ते पत्र मी एसटीत तीनदा वाचलं. मराठी विषय शिकवत असूनही मला तो विजय आहे की पराभव हे पनवेल स्टँड येईपर्यंत ठरवता आलं नाही.

या फेऱ्यांच्या दिवशी माझे तास कोण घेत होतं? घरत मॅडम. नववी ‘ब’ हा वर्ग कुणी आपणहून घेत नाही; त्या घ्यायच्या. एकदा मी त्यांना मुद्दाम गाठून म्हटलं, “मॅडम, गैरसमज नको. हे व्यक्तिगत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.”

त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “असू दे हो सर. फक्त नववी ‘ब’ची चाचणी कधी घेणार तेवढं सांगा. मुलं विचारतात, आम्ही मराठीतले आहोत की गणितातले.”

मला हे बोलणं टोमण्यासारखं वाटलं आणि मी त्याच संध्याकाळी सहावा अर्ज केला.

मे महिन्यात संस्थेने सुनावणी लावली. व्यासपीठावर संस्थेची कार्यकारिणी, अर्थात ज्येष्ठतेनुसार. मध्यभागी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अध्यक्ष, जे बसल्या बसल्या झोपतात आणि ज्यांच्या झोपेला संस्थेत ‘चिंतन’ म्हणतात. सचिवांनी प्रकरण वाचून दाखवलं आणि म्हणाले, “१४ जून १९९९ रोजी शाळेत हजर असलेलं कुणी आज आहे का?”

होतं. सोनटक्के सर त्या दिवशी रजेवर होते, त्यामुळे एकच माणूस होता. काशिराम शिपाई.

काशिराम आमच्या सगळ्यांच्या आधी, सत्त्याऐंशी साली लागला. ज्येष्ठतेच्याच हिशेबाने बघितलं तर शाळा त्याची. त्याची शेतं करंजाड्यात होती. ती सरकारने नव्या शहरासाठी घेतल्यावर बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर आज सात मजली इमारत उभी आहे. तो शाळेत मोठ्या पांढऱ्या गाडीतून येतो, गाडी बदामाच्या झाडाखाली लावतो, खाकी कपडे चढवतो आणि घंटा देतो. नोकरी का सोडत नाहीस असं विचारलं तर म्हणतो, “घरी मला कोन इचारतो? हितं मी घंटा दिल्याबिगर कुनी हालत नाय.” एवढ्या वर्षांत संस्थेने त्याला कुठल्याही बैठकीत बोलावलं नव्हतं, चहा द्यायला सोडून. त्या दिवशी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

“काशिराम,” सचिव म्हणाले, “त्या दिवशी आधी कोण आलं? घरत मॅडम की देवस्थळी सर?”

“सर आदी आले,” काशिराम म्हणाला. “पावनेधा वाजले असतील.”

मी खुर्चीत ताठ झालो. व्यासपीठावर कुजबुज झाली. मी घरत मॅडमकडे एक उदार दृष्टिक्षेप टाकला.

“पन हितं नाय आले,” काशिराम पुढे म्हणाला. “मागल्या गल्लीतली दुसरी शाला हाय ना, थितं गेले.”

सचिवांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“थितं जाऊन टीचर रूममदी बसले. चा प्याले. थितल्या लोकांना वाटलं, हे तपासनीला आलेत. तर त्यांनी सरांना सगली शाला फिरून दाखीवली. हितं बाई आल्या सवादहाला. त्यांनी सही केली आन मला बोलल्या, काशिरामदादा, लिस्टवर अजून एक नाव हाय, मानूस आला नाय, बगून या कुठं चुकलाय का. तवा मी गेलो. सरांना घेऊन आलो तवा बाराची घंटा झालेली. मीच दिलेली ती.”

ही हकिगत मी विसरलो होतो असं म्हणणं मला सोयीचं होईल. मी विसरलो नव्हतो. ती मी इतकी वर्षं नीट घडी घालून तळाशी ठेवली होती. आणि मला शोधायला काशिरामला कुणी पाठवलं, हे मात्र मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या वेळी नियम होता की पहिल्या दिवशी हजर झाला नाही तर नेमणूक पुढच्या उमेदवाराला. मॅडम मला ओळखतही नव्हत्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या हसू आवरत होत्या; आणि मला त्यांचं हसणं समोरच्या सगळ्या गंभीर चेहऱ्यांपेक्षा सुसह्य वाटलं.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने उठून अर्ज मागे घेतला असता. मी उठलोदेखील. पण तेवढ्यात सचिव म्हणाले, “तोंडी पुरावा कागदावर नाही. तेव्हा वर्णानुक्रम लावावा. घरत, देवस्थळी. घ आधी, द नंतर.” आणि माझ्या आत बसलेले अभ्यंकर बोलू लागले. “माफ करा,” मी उभ्या उभ्या म्हणालो, “सेवापुस्तकात आधी नाव लिहितात, मग आडनाव. वर्णानुक्रम नावाचा लागतो.”

अध्यक्ष चिंतनातून बाहेर आले. “काय नावं आहेत?”

“कृष्णकांत आणि शशिकला,” सचिव म्हणाले.

“क आधी की श आधी?”

“क.”

“मग झालं की,” अध्यक्ष म्हणाले आणि पुन्हा चिंतनात गेले.

अशा रीतीने माझ्या बारशाला आत्याने कानात जे कुजबुजलं होतं त्याच्या बळावर मी एका शाळेचा मुख्याध्यापक झालो. एक जूनला कार्यभार घेतला. अभ्यंकरांनी सोसायटीच्या फळ्यावर अभिनंदन लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात घातलं. अरुंधतीने साखर हातावर ठेवली आणि विचारलं, “आता नववी ‘ब’ला कोण शिकवणार?” मी म्हटलं, मुख्याध्यापकाला असले प्रश्न पडत नाहीत.

अभ्यंकरांचा सल्ला होता की पहिल्याच आठवड्यात एक आदेश काढावा, म्हणजे पद अंगात मुरतं. मी काढला. ‘कार्यालयीन कामकाजात मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही हस्तक्षेप करू नये.’ कोणीही म्हणजे कोण ते सगळ्यांना कळलं. घरत मॅडमनी ‘वाचले’ लिहून खाली सही केली, पर्समधून कार्यालयाच्या कपाटाच्या किल्ल्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि वर्गावर गेल्या. मी किल्ल्या डाव्या बाजूने घेऊन उजव्या बाजूला सरकवल्या.

शाळा सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मनस्वी नावाची मुलगी आईला घेऊन आली. दहावीला ब्याऐंशी टक्के. तिला डिप्लोमाला जायचं होतं. आईचं नाव रंजिता. उलव्याला एका साइटवरच्या कॅन्टीनमध्ये त्या पोळ्या करतात आणि त्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. मनस्वीच्या गुणपत्रिकेवर आईच्या नावापुढे ‘रंजित’ छापून आलं होतं. म्हणजे कागदोपत्री तिला दोन वडील होते. फॉर्म भरताना शाळेतच चूक झाली होती. दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेच्या लॉगिनवरून पाठवायचा होता आणि त्याची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती. तो गेला नाही तर प्रवेशाचं यंदाचं वर्ष गेलं.

“बसा,” मी म्हणालो. “हे मुख्याध्यापकांचं काम आहे. मीच करतो.”

आनंदाला बोलावलं. तो म्हणाला, पासवर्ड सोनटक्के सरांकडे असायचा. ड्रॉवरमध्ये सरांच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘पासवर्ड – नेहमीचाच.’ सरांना फोन केला. ते कुठल्याशा सहलीला गेले होते, मागे टाळ्या आणि गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “बघू.” नवा पासवर्ड मागवला तर ओटीपी कुठल्या तरी नंबरावर गेला. आनंदाने नंबराचे शेवटचे चार आकडे वाचले आणि डोकं खाजवलं.

“कुणाचा आहे?”

“घरत मॅडमचा, सर. नोंदणी करताना सोनटक्के सर म्हणाले होते, मला ते मेसेज समजत नाहीत, तुमचाच टाका.”

मी अभ्यंकरांना फोन लावला. ते म्हणाले, “संबंधितांकडून लेखी खुलासा मागवा. सात दिवसांची मुदत द्या.” घड्याळात सव्वाचार झाले होते. मनस्वी रडत होती, आवाज न करता, ओढणीचं टोक पिरगाळत. तिची आई माझ्याकडे बघत होती. आणि रागाने बघितलं असतं तर चाललं असतं, पण त्या फार आदराने बघत होत्या.

“सर,” त्या म्हणाल्या, “घरत बाई नाहीत का आज?”

“आहेत. तासावर आहेत. पण आता मुख्याध्यापक मी आहे.”

“हो, ते बाहेर पाटीवर वाचलं. पण बाई कुठल्या वर्गावर आहेत?”

नववी ‘ब’. दुसरा मजला. मी जिना चढून गेलो. माझाच तास मॅडम घेत होत्या. मी दारातून हळू आवाजात सगळं सांगितलं. हळू बोलण्याचा उपयोग नव्हता, मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे वाकून ऐकत होती. मॅडमनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाल्या, “मला लेखी परवानगी लागेल, सर. आदेश आहे.”

पंचावन्न मुलांसमोर मी एका पोराच्या वहीतलं पान फाडून घेतलं, त्याच्याकडूनच पेन घेतलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहू लागलो, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’. मान वर केली तर मॅडम नव्हत्या. त्या केव्हाच जिना उतरू लागल्या होत्या. मी परवानगी फडकवत त्यांच्या मागून धावलो. पहिल्या मजल्यावर काशिराम उभा होता. त्याने भिंतीला टेकून मॅडमना वाट दिली आणि मग मला.

प्रस्ताव चार एकेचाळीसला गेला. अकरा मिनिटं लागली. त्यातली दोन मिनिटं मॅडमनी मनस्वीला पाणी दिलं आणि रंजिताबाईंना पोचपावती कुठे जपून ठेवायची ते सांगितलं. दोघी जाताना त्यांच्या पाया पडल्या. मग मी शेजारीच उभा होतो म्हणून माझ्याही पडल्या. पायाला हात लागताच मला चटका बसल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की मी लेखी नकार देतो आहे, मुख्याध्यापकपद तुम्ही घ्या. मला वाटलं होतं, त्या भारावतील. निदान ‘असं कसं सर’ एवढं तरी म्हणतील.

“सर,” त्या म्हणाल्या, “काम तर मी करतेच आहे. नऊ वर्षं करतेय. तुम्ही मला देताय ती खुर्ची. ती तुमची कधी झाली?”

 त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हातातली पट्टी त्यांनी घट्ट धरली होती. “अर्ज केलात त्याचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरी दोन महिने कुणी नीट जेवलं नाही, ते मी तुम्हाला सांगितलं नाही. पण क आणि श वरून ठरलं ना, ते लागलं. त्या दिवशी घरी जाताना वाटलं, आईने नाव अलका ठेवायला हवं होतं.”

मग त्या म्हणाल्या, “नकार द्या. मी घेईन. उपकार म्हणून नाही घेणार.”

पण ज्येष्ठता मिळवण्यापेक्षा सोडणं अवघड असतं. माझ्यावरचा अन्याय दूर व्हायला चार महिने लागले होते; नकाराला कार्यालयाने तीन प्रतींतला एक छापील नमुनाच दिला. पण त्यात शेवटचा रकाना होता, ‘हक्क सोडण्याचे कारण’. मी त्यात लिहिलं, ‘श्रीमती घरत यांना हे काम येते. मला येत नाही.’

साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. “हे चालणार नाही,” ते म्हणाले.

“का? खरं आहे.”

“खरं असेल हो. पण हे कारण होत नाही. उद्या सगळेच असं लिहायला लागले तर?” ते क्षणभर खरोखर घाबरलेले दिसले. “कारणं दोनच चालतात. प्रकृती किंवा कौटुंबिक अडचण. तुम्हाला काय आहे?”

“मला काही नाही.”

“असं कसं? चोपन्न वय आहे. काही ना काही असेल. पाठ दुखते?”

“नाही.”

“दुखेल. लिहा.”

मी खाडाखोड करून ‘तीव्र पाठदुखी’ असं लिहिलं. साहेबांचा चेहरा निवळला. डॉक्टरचा दाखला जोडायला सांगितला, तो जोडला. नकार मंजूर झाला. सरकारदरबारी आता कायमची नोंद आहे की शशिकला घरत या मुख्याध्यापिका झाल्या, कारण कृष्णकांत देवस्थळी यांची पाठ दुखत होती.

मॅडमनी सोमवारी कार्यभार घेतला. मधल्या सुट्टीनंतर मला केबिनमध्ये निरोप आला म्हणून गेलो. त्यांच्यासमोर माझा नकार होता, दाखल्यासकट.

“पाठ कशी आहे आता?” त्यांनी विचारलं. चेहरा अगदी सरळ होता.

“बरी आहे, मॅडम.”

“मग नववी ‘ब’ आता तुमची. अख्खं वर्ष. आणि बसून शिकवायचं नाही.”

बाहेर काशिरामने घंटा दिली. मी वर्गाकडे निघालो.